भयकथा लिहायची आहे? आधी जागा आणि घड्याळ, भूत मागाहून

माझी पहिली भयकथा एका दिवाळी अंकाकडून परत आली तेव्हा वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने दोनच शब्द होते, 'भीती नाही'. मी तो कागद घेऊन दोन दिवस बसले, कारण कथेत सगळं होतं ना, अमावस्या होती, पडका वाडा होता, घुबड होतं, कुत्री रडत होती, मग भीती का नाही? उत्तर सापडायला बरीच वर्षं गेली, आणि ते भुताबद्दल नव्हतंच. कथा नेमकी कुठे आणि किती वाजता घडते हे मी ठरवलं नव्हतं, नुसती सजावट केली होती. जुन्या गाजलेल्या भयकथा पुन्हा वाचल्या तेव्हा दिसलं की त्यांत जागा आणि वेळ ही दोन वेगळी कामं नाहीतच, एका ठराविक वेळेला ती जागा माणसावर बंद होते, आणि वाचकाला ते आधीपासून माहीत असतं. मला यातलं बरंचसं चुका करून कळलं. गोव्यात राहून मराठीत भयकथा लिहू बघणाऱ्यांचा तेवढा वेळ वाचावा म्हणून हे क्रमाने लिहितेय.

हाताशी काय लागेल

- तिथी आणि चंद्रोदय-चंद्रास्त दिलेलं पंचांग
- मुरगाव बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक, मोबाईलवर मिळतं
- एक वही, निम्मी पानं रेघा नसलेली, कारण नकाशा काढायचाय
- टॉर्च आणि बंद बूट
- मोबाईलमधला व्हॉइस रेकॉर्डर
- आधी एकदा वाचून झालेली एक नावाजलेली भयकथा

१. जागा स्वतःच्या पायाखालची घ्या

माझा तो 'पडका वाडा' मुळात आमच्याकडचा नव्हताच. गोव्यात वाडा म्हणजे गावाचा एक भाग, देऊळवाडा, वरचा वाडा, असं. दगडी चौसोपी वाडा मी पुस्तकांतून उचललेला, त्यात मी रात्र सोडा, एक दुपारही काढलेली नव्हती, त्यामुळे जिना कुठे वळतो, कुठली फळी करकरते, स्वयंपाकघरातून परसात जायला किती पावलं हे काही माहीत नाही, आणि माहीत नसलं की माणूस 'भयाण', 'गूढ', 'भेसूर' असले शब्द भरत जातो. तुमच्या कथेत हे तीन शब्द पानाला दोनदा येत असतील तर जागा कच्ची आहे असं समजा.

आपल्याकडे काय कमी आहे? फोंड्याकडचं कुळागर घ्या, पोफळींवर मिरीचे वेल चढलेले, दुपारी तीनलाच आत संध्याकाळ झाल्यासारखा उजेड, आणि पाटाचं पाणी सतत वाजत असल्यामुळे मागून कोण आलं तर ऐकूच येत नाही. डिचोली-सांगेकडे बंद खाणींचे खड्डे, पाण्याने भरलेले. खाजनाचा, म्हणजे नदीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीचा, अरुंद बांध, एका बाजूला शेत आणि दुसऱ्या बाजूला नदी. आणि प्रत्येक गावात असतं तसं ते कुलूप घातलेलं मोठं घर, वारस अनेक, कुणी मुंबईला तर कुणी पोर्तुगालला, कौलं अधूनमधून ढासळतायत.

यातली एक जागा घ्या, एकच. तिथे जाऊन वहीत नकाशा काढा, दारं किती, खिडक्या कुठे, कुठून कुठलं दिसतं आणि मुख्य म्हणजे कुठून काय *दिसत नाही*. नकाशा वाचकाला दाखवायचा नाहीये, तो तुमच्यासाठी आहे.

२. बाहेर पडायची वाट शोधा, आणि ती कधी बंद होते ते लिहा

सगळ्यात महत्त्वाची पायरी ही, आणि नवे लोक नेमकी हीच गाळतात. जागा भीतीदायक असते ती तिथून निघता येत नाही म्हणून. पण 'दार आपोआप बंद झालं' असं लिहिलंत की वाचक सावध होतो, लेखकाने ढकललंय हे त्याला कळतं. त्याऐवजी वाट कुणाच्याही मर्जीशिवाय, रोजच्या कारणाने बंद होऊ दे.

दिवाडी बेटावर जायचं तर फेरीबोट, शेवटची फेरी सुटली की नदीपलीकडचे दिवे समोर दिसत राहतात आणि तरी जाता येत नाही. गावातल्या बसेस रात्री लवकर संपतात. जुलैत साध्या व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, अर्ध्या तासात पाणी चढतं आणि सकाळी ओलांडलेला फरशीपूल दुपारी दिसतही नाही. यात भुताचा काही संबंध नाही, आणि म्हणूनच हे पटतं.

वहीत एक ओळ लिहा: 'इथून निघायची वाट अमुक आहे आणि ती इतक्या वाजता बंद होते.' ही ओळ लिहिता येत नसेल तर पुढे जाऊ नका, जागा बदला.

३. पंचांग उघडा

इथे मी चांगलीच आपटले आहे म्हणून जरा सविस्तर सांगते. माझ्या एका कथेत नदीच्या मुखाजवळ एक बाई पौर्णिमेच्या रात्री बारा वाजता ओहोटीचा रेतीचा पट्टा चालत ओलांडते. चांदणं, ओली रेती, मागे उमटणारी पावलं, मला फार आवडलेला प्रसंग तो. कथा छापून आली आणि शापोऱ्याकडच्या एका वयस्कर मासेमाराने वाचून मला निरोप पाठवला, "बाये, पुनवेला बारा वाजता तिथे रेती नसते, पाणी असतं."

त्यांचं बरोबर होतं. आपल्या किनाऱ्याला पौर्णिमा आणि अमावस्येला भरती साधारण दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आगेमागे असते, आणि ती उधाणाची भरती, म्हणजे पाणी नेहमीपेक्षा वर. भरती रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते, त्यामुळे अष्टमीपर्यंत गणित उलटं होतं, भरती सहाच्या सुमाराला आणि ओहोटी बाराच्या. नदीत जितकं आत जाल तितका उशीर आणखी वाढतो. कोळी, खारवी लोकांना हे तोंडपाठ असतं आणि तुमचे निम्मे वाचक किनाऱ्यावरचे आहेत, एक चूक सापडली की त्यांचा पुढच्या कशावरच विश्वास बसत नाही, मग भूत कितीही चांगलं असू दे.

मी त्या काकांना भेटायला गेले. ते म्हणाले अष्टमी घे, पण लक्षात ठेव, तेव्हा भांग असतं, म्हणजे भरती-ओहोटी दोन्ही कमी, पाणी पुरतं उतरत नाही, पोटरीएवढं राहतंच. आणि मला तिथल्या तिथे कथा दिसली! कारण शुद्ध अष्टमीचा चंद्रही मध्यरात्रीच्या सुमाराला मावळतो. म्हणजे बाई निघते तेव्हा चांदणं आहे, पाणी उतरतंय, पलीकडे पोचते तेव्हा चंद्र झाडांमागे गेलेला, आणि परतायचं ते पूर्ण काळोखात, पोटरीभर पाण्यातून, जे आता चढायला लागलंय. मी एक शब्द नवा न घालता नुसती तिथी बदलली आणि कथेत घड्याळ बसलं. रेतीवरची पावलं गेली त्याचं थोडं वाईट वाटलं, पण पाण्यात पावलं उमटतच नाहीत हे जास्त वाईट, म्हणजे भयकथेसाठी जास्त चांगलं.

चंद्राबाबत एवढं तरी पाठ असू दे:

- पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळताना उगवतो आणि रात्रभर असतो
- संकष्टीला तो नवाच्या आसपास येतो, हे उपास करणाऱ्या कुणालाही विचारा
- वद्य अष्टमीला मध्यरात्रीच्या सुमाराला उगवतो, गोकुळाष्टमी आठवा
- अमावस्येला नाहीच, तरी 'अमावस्येच्या अंधुक चांदण्यात' हे वाक्य मी छापलेलं वाचलंय

सूर्याचंही बघा. गोव्यात डिसेंबरात सहानंतर लगेच सूर्य मावळतो आणि जूनमध्ये सात वाजून जातात. जूनमधल्या कथेत साडेसहाला मिट्ट काळोख केलात तर त्याला निदान पावसाचं आभाळ तरी लागेल.

४. एक जुनी कथा घड्याळ लावून वाचा

मी सगळ्यांना डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्सची 'माकडाचा पंजा' ही १९०२ सालची इंग्रजी गोष्ट घ्यायला सांगते, लहान आहे आणि त्यात सगळं उघड दिसतं. (पुढे शेवटापर्यंत सगळं सांगणार आहे, वाचली नसेल तर आधी वाचून या.) पेन्सिल घ्या आणि प्रत्येक प्रसंगाशेजारी दोनच गोष्टी लिहा, कुठे आणि केव्हा.

पहिला भाग रात्रीचा. बाहेर थंडी आणि पाऊस, आत पडदे ओढलेले, शेकोटी पेटलेली, बाप-लेक बुद्धिबळ खेळतायत, आई विणतेय. बाप कुरकुरतो की आपण फार आडबाजूला राहतो, वाटेत चिखल, रस्त्यावर पाणी. ही कुरकुर अगदी घरगुती आहे, आपणही पावसाळ्यात हेच बोलतो, पण लेखकाने तेवढ्यात सांगून टाकलं की हाकेला धावून यायला कुणी नाही. घरात येतो तो तिघांच्या प्रत्येकी तीन इच्छा पुऱ्या करणारा वाळका पंजा, आणि बाप दोनशे पौंड मागतो.

दुसरा भाग दुसऱ्या दिवशी सकाळचा. न्याहारीच्या टेबलावर हिवाळी ऊन, सगळे रात्रीच्या भीतीला हसतायत. त्याच दिवशी, लख्ख उजेडात, कारखान्याचा माणूस येतो. मुलगा यंत्रात सापडून गेला आणि कंपनी भरपाई देतेय, दोनशे पौंड. बघा, सगळ्यात भयंकर बातमी दिवसा येते. रात्री आली असती तर आपण तयार असतो.

तिसरा भाग पुन्हा रात्र, साधारण आठवड्याने. मुलाला पुरलंय ते दफनस्थान घरापासून दोन मैलांवर. आई नवऱ्याला दुसरी इच्छा मागायला लावते, मुलगा परत येऊ दे. आणि काहीच होत नाही. मेणबत्ती संपते, दोघं पडून राहतात, घड्याळाची टिकटिक, जिना करकरतो, उंदीर पळतो. मग दारावर थाप. आई ओरडते की मी विसरलेच, ते दोन मैल लांब आहे!

या दोन मैलांसाठी मी ही कथा पुन्हापुन्हा वाचते. दफनस्थान घराशेजारी असतं तर थाप लगेच पडली असती आणि आपण नुसते दचकलो असतो. दोन मैल आहेत म्हणून थांबावं लागतं, आणि थाप पडल्यावर आपल्याला मागे जाऊन कळतं की ती मेणबत्ती विझत होती, उंदीर पळत होता, तेवढा वेळ कुणीतरी अंधारात चालत होतं. आणि आठवडा झालाय, म्हणजे तो कशा अवस्थेत चालत असेल हे लेखकाने लिहिलेलं नाही, तारखेने सांगितलंय. शेवटी दाराचा वरचा बोल्ट आईच्या हाताला पोचत नाही, ती खुर्ची ओढत आणते आणि तेवढ्या सेकंदांत बाप तिसरी इच्छा मागतो. दार उघडतं तर समोर रस्त्यावरचा दिवा लुकलुकतोय आणि रस्ता रिकामा. दोन मैल, एक आठवडा, एक उंच बोल्ट, बस एवढंच सामान आहे.

असं एकदा केलंत की दुसरी कुठलीही कथा अशीच उलगडता येते. १८९७ च्या 'ड्रॅक्युला'त तरुण वकील वाड्याकडे निघतो ती तारीख बघा, सेंट जॉर्जच्या सणाची आदली संध्याकाळ, आणि खाणावळीची मालकीण त्याला आधीच विचारते की मध्यरात्री काय मोकळं सुटतं ठाऊक आहे ना तुला.

५. वेळापत्रक वाचकाच्या कानावर आधी घाला

वाट बंद झाल्यावर 'शेवटची फेरी गेली होती' असं सांगितलंत तर ती फक्त माहिती झाली. पहिल्याच पानावर चहाच्या गाड्यावर कुणी सहज म्हणू दे, "शेवटची फेरी चुकवू नकोस हं, मग रात्रभर तिथेच." आता पुढे तुमचं पात्र गप्पा मारत बसलं की वाचक मनातल्या मनात घड्याळ बघायला लागतो, आणि तुम्हाला एकही भीतीदायक शब्द लिहावा लागत नाही. एकदाच सांगा, दुसऱ्यांदा आठवण नको, वाचक विसरत नाही.

६. रात्रच पाहिजे असं नाही

माझी आजी भर दुपारी बारा वाजता विहिरीवर जाऊ द्यायची नाही. रात्रीपेक्षा तिला दुपारची जास्त धास्ती, आणि मोठी झाल्यावर मला त्यातलं खरं कळलं. गोव्यात दुपारी एकनंतर दुकानं मिटतात, जेवून सगळं गाव आडवं होतं, दोन वाजता रस्त्यावर चिटपाखरू नसतं, आणि ऊन एवढं की लपायला सावलीही नाही. हाक मारलीत तर ऐकणारी माणसं आहेत पण सगळी झोपलेली.

तिन्हीसांजही तशीच. देवापुढे दिवा लागतो, चर्चची सांजेची घंटा होते, गुरं घरी येतात, सगळं आपापल्या जागी परततं, आणि या परतण्यात एखादं परतलं नाही किंवा एक जास्त परतलं तर? मोजदाद होते ती वेळ कथेला फार उपयोगाची.

पितृपक्ष, म्हणजे आपले म्हाळ, हीसुद्धा वेळच आहे. पण ती वापरायची तर त्या घरातला विधी नीट माहीत करून घ्या, नुसतं वातावरणासाठी ओढू नका.

७. कान आणि अर्धवट डोळे

जुन्या गोमंतकीय घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे तुकडे बसवलेले असतात. त्यांतून उजेड येतो पण आरपार दिसत नाही. बाहेरून कुणी कंदील घेऊन गेलं तर उजेड सरकताना दिसतो, माणूस दिसत नाही. याहून चांगली खिडकी भयकथेला कुठे मिळणार! तुमच्या जागेत असं काय आहे जे अर्धंच दाखवतं, ते शोधा.

आवाज मात्र आठवणीवर लिहू नका. ठरलेल्या वेळेला तिथे जाऊन दहा मिनिटं रेकॉर्ड करा. मी मयेला एका रात्री केलं तेव्हा कळलं की बेडकांचा गलबला सतत नसतो, तो मध्येच एकदम थांबतो, सगळे एकत्र, आणि त्या थांबण्याने पोटात खड्डा पडतो. माडाचं सुकलेलं चुडत, म्हणजे झावळी, पडतं तेव्हा आधी वर खसखस होते, मग क्षणभर काही नाही, मग धप्प. तो मधला क्षण लिहा. १८४२ साली एडगर ॲलन पोने एका कथेत सात दालनांच्या मेजवानीत काळं घड्याळ ठेवलंय, दर तासाला टोले पडले की वाजंत्री थांबतात आणि नाचणारे जागच्या जागी गप्प होतात. तिथेही भीती थांबण्यातच आहे.

८. वेळ कुठे ताणायची

नवा लेखक बंद घरापर्यंतच्या प्रवासाला तीन पानं देतो आणि दार उघडण्याला एक ओळ. उलटं करा. प्रवास दोन वाक्यांत उरका, 'सातच्या बसने उतरलो तेव्हा पाऊस थांबलेला' झालं काम. आणि कुलूप काढणं, किल्ली न फिरणं, हातातला टॉर्च तोंडात धरणं, याला अर्धं पान द्या. मिनिटाला पान आणि तासाला ओळ, हे प्रमाण पहिल्या खर्ड्यात बिनधास्त अतिरेकी ठेवा, कापता नंतर येतं.

९. मोबाईल

'रेंज गेली' हे सगळेच लिहितात. चालेल, पण कुठे जाते ते खरं लिहा, घाटात, कुळागरात. नाहीतर रेंज असू दे आणि मोबाईलवर वेळ दिसत राहू दे. १:१० ला बघितलं, पुष्कळ वेळाने बघितलं तर १:१२. हे मी वापरलंय आणि लोकांनी तेच लक्षात ठेवलं.

१०. देवचाराला खलनायक करू नका

हा इथला मोठा सापळा. बाहेरून आलेल्या लेखकांना देवचार म्हणजे भूत वाटतं. गावकऱ्यांसाठी तो राखणदार आहे, रात्री सीमेवर फिरतो, वाट चुकलेल्याला घरी आणून सोडतो, लोक त्याला रोट (जाड भाकरी), सोरो (दारू), विडी ठेवतात. त्याला गळा दाबणारा केलात तर वाचक घाबरत नाहीत, दुखावतात, आणि रागावण्याचा त्यांना हक्क आहे. कुणाची श्रद्धास्थानं, खरी घरं, खऱ्या गावातल्या आत्महत्या किंवा अपघात नाव घेऊन वापरू नका. जागेचा स्वभाव घ्या, पत्ता बदला.

११. जागा बघायला जाताना

दिवसा एकदा आणि कथेच्या वेळेला एकदा, असे दोनदा जा, दुसऱ्या वेळेला सोबत कुणीतरी पाहिजेच. घर कुणाचं असेल तर विचारून आत शिरा. गवतात फुरसं असतं, बूट आणि टॉर्च विसरू नका. खाणीच्या खड्ड्याच्या काठावर तर मुळीच जाऊ नका, माती सुटते.

आणि एखादी जागा अशी पाहिजे असेल जिच्यात वेळ आधीच बसवलेली आहे, तर सांगे तालुक्यातलं कुर्डी बघा. साळावली धरणामुळे १९८६ मध्ये हे गाव पाण्याखाली गेलं, आणि दरवर्षी मे महिन्यात पाणी उतरलं की ते वर येतं. घरांची जोती, वठलेली झाडं, तडकलेली जमीन, सोमेश्वराचं देऊळ. विस्थापित झालेली माणसं तेव्हा परत येतात, हिंदू देवळाच्या उत्सवाला आणि ख्रिस्ती चॅपलच्या फेस्ताला, आपलं घर कुठे होतं ते मुलांना दाखवतात. मी गेले तेव्हा एक आजी एका जोत्यावर बसल्या होत्या, मी विचारलं तर म्हणाल्या, ही आमची स्वयंपाकाची खोली. मी तिथे भयकथेची वही उघडली नाही, त्यांच्याजवळ बसले. कथा लिहायची झाली तर त्या माणसांच्या बाजूने लिहा. सकाळी लवकर निघा, पाण्याची बाटली घ्या, सावली नाही, आणि मे संपायच्या आत जा, पाऊस लागला की पाणी परत चढायला लागतं.